आम्ही की आपण?

मिनिॲपोलिस,
१४ नोव्हेंबर

प्रिय मंद्या,

तुझ्या पत्राला महिन्याने उत्तर देतोय, शिव्या घाल. दर मंगळवारी संध्याकाळी मी शिकवणीला जातो. ओजिब्वे या इथल्या मूळनिवासींच्या भाषेच्या! हसू नकोस, ऑफिसातले हसून झालेत.

इतकी वर्षं इथे राहून 'मिनेसोटा' हा शब्द कुठला, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. डकोटा हे इथलेच दुसरे मूळनिवासी; त्यांच्या भाषेत 'म्नी' म्हणजे पाणी. मिनेसोटा, मिनेटोंका, मिनेहाहा, सगळीकडे तेच पाणी. मिनिॲपोलिसला तर त्याच पाण्याला ग्रीक शेपूट चिकटवलंय. मी ज्या तळ्याभोवती फिरायला जातो, त्याला २०१८ साली 'ब्दे माका स्का' हे डकोटा नाव परत मिळालं. पाटी आली, पण ती घरच्यासारखी वाचणारे फार थोडे उरलेत. १८६२च्या डकोटा-अमेरिका युद्धानंतर इथल्या मॅन्केटो गावी एकाच दिवशी ३८ डकोटांना फाशी दिली आणि बाकीच्यांना राज्याबाहेर हाकललं. पुढे १८७९पासून मूळनिवासींच्या पोरांसाठी घरापासून दूर सरकारी बोर्डिंग शाळा निघाल्या. तिथे पोरांचे केस कापायचे आणि घरची भाषा बोलली की मार. त्या पोरांनी मोठेपणी आपल्या मुलांशी ती भाषा बोललीच नाही. आमच्या बाईंच्या घरीही तेच झालं. त्या स्वतः तिशीत शिकल्या.

भाषा मोठी खट्याळ आहे. नामं सजीव नाहीतर निर्जीव. दगड, 'असिन', सजीव; आणि होडी, 'जीमान', निर्जीव! मी कुरकुरलो, मग आठवलं, तो दगड, ती खिडकी, ते दार हे आपण तरी कुणाला विचारून ठरवलं? कॉफीला ओजिब्वेत 'काळं औषधी पाणी' म्हणतात, डकोटातही 'काळं औषध'. माझ्या बायकोला हे फार पटलं. बसमध्ये मी विद्यापीठाचा ऑनलाइन शब्दकोश ऐकतो. त्यात म्हाताऱ्यांच्या आवाजात एकेक शब्द आहे, मध्येच घसा खाकरल्यासकट. शेजारच्या विस्कॉन्सिनात वाडूकोडाडिंग नावाची शाळा आहे, तिथे पोरं गणितसुद्धा ओजिब्वेत शिकतात. माझं गणित अजून वीसवर अडकलंय.

पण एका ठिकाणी मी वर्गात सगळ्यांच्या पुढे निघालो. 'नीनविंद' म्हणजे आम्ही, 'गीनविंद' म्हणजे आपण. इंग्रजीवर वाढलेली मंडळी तासभर गोंधळली. मी म्हटलं, आमच्याकडे आहे हे! बाई हसल्या, फळ्यावर मला 'आम्ही' आणि 'आपण' लिहायला लावलं.

त्या दिवसापासून मात्र मला एक खोड लागली. कोणी काही बोललं की पहिलं अक्षर ऐकायचं, 'नि' की 'गि'. ज्यांची भाषा मारून काढली, त्यांच्या 'आपण'मध्ये माझं काय काम? गेल्या मंगळवारी सगळ्यांनी डबे आणले होते. मी पोहे नेले. बाईंनी झाकणं उघडली आणि म्हणाल्या, "गिवीसिनिमिन." आपण जेवतोय. मी ताट घेतलं. पोहे त्यांना तिखट लागले, ते सोड.

डिसेंबरात येणाऱ्या एकाबरोबर 'मनूमिन' पाठवतोय. हा तळ्यात उगवणारा जंगली तांदूळ. होडीतून जाऊन दांड्यांनी झोडपून काढतात. काकूंना सांग, कुकर लावू नका. उघड्या पातेल्यात, दाणा उकलेपर्यंत शिजवा. पाऊण तास तरी लागेल.

तुझा,
अव्या