सुहासला त्याच्याच घरात राहायचंय

प्रति,
मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ सुहास 42 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे गोष्टी शिकायला त्याला जास्त वेळ लागतो. नाशिकला सिडकोत आई-बाबांच्या दोन खोल्यांच्या घरात तो राहतो आणि मी नाशिक रोडला. तो एकटा राहतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. बहिणीने भावाला वाऱ्यावर सोडलंय, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. म्हणून हे पत्र खुलं लिहितेय.

बाबा आधीच गेले होते, आई 2021 मध्ये गेली. तिचे दिवस होताहोताच घरात ठरलं की सुहासला कुठेतरी ‘ठेवायचं’. त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही. शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत त्याला नेऊन सोडलं. तिथली माणसं वाईट नव्हती. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, दिवे वेळेवर बंद. पाच महिन्यांनी दिवाळीला त्याला घरी आणलं. पहिल्याच सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला आणि मला म्हणाला, “ताई, आत येऊ का?”

ज्या ओट्यापाशी तो रोज सकाळी आईला चहा करून द्यायचा, त्या ओट्यापाशी जायला त्याला परवानगी हवी होती. चहा शिकवायला आईला दोन वर्षं लागली होती. भांडी बाजारात भांड्यांवर नाव घालून देतात ना, तिथे जाऊन तिने पातेल्याच्या आत एक रेघ मारून घेतली होती. पाणी त्या रेघेपर्यंत. गॅस बंद केला की मोठ्याने “बंद” म्हणायचं, म्हणजे दुसऱ्या खोलीत तिला कळायचं. पाच महिन्यांत हात हे सगळं विसरले होते. मी त्याला परत पाठवलं नाही.

आता रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास मंगलताई येतात. त्या सुहासचा स्वयंपाक करत नाहीत. तो कुकर लावतो, त्या शेजारी उभ्या राहतात. शिट्ट्या तोच मोजतो, भिंतीवरच्या पाटीवर खडूने रेघा ओढून. अशी बाई मिळायला मला वर्ष लागलं. आधी आलेल्या दोघींपैकी एक सगळं स्वतःच उरकायची, दुसरी त्याच्यावर खेकसायची. दुसऱ्याला करू देणं, चुकू देणं आणि तरी लक्ष ठेवणं, हे कौशल्याचं काम आहे. ते कुठे शिकवलं जात नाही, त्याला पदनाम नाही, पगार नाही. मंगलताईंना मी महिन्याला 9,000 रुपये देते, ते माझ्या खिशातून.

मागच्या पावसाळ्यात रस्ता खणला म्हणून त्याचा बसथांबा पुढे सरकला. तो जुन्या जागी दोन तास उभा राहिला, भिजला. शेवटी गळ्यातल्या कार्डावरचा नंबर पानटपरीवाल्याला दाखवून त्याने मला फोन लावला. त्या संध्याकाळी मला तीन नातेवाइकांचे फोन आले, “बघ, आम्ही म्हणत होतो.” दुसऱ्या दिवशी मंगलताई त्याला घेऊन नव्या थांब्यापर्यंत चालत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो एकटा गेला. चौथ्या दिवशी जुन्या जागी उभ्या असलेल्या एका आजोबांना त्याने सांगितलं, “पुढे गेला थांबा. चला.” आधार म्हणजे मी एवढंच म्हणतेय, साहेब.

आणि ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये, घरी येऊन मदत करणाऱ्या सेवा आणि व्यक्तिगत सहायक मिळावा, यासाठी शासनाने प्रयत्न करायचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या ज्या करारातल्या अनुच्छेद 19 मध्ये हेच आहे, त्याला भारताने 2007 मध्येच मान्यता दिली. बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना आहे, पण ती गटाने राहण्याच्या निवासाची. ज्यांना ती हवी त्यांना जरूर मिळावी. पण स्वतःच्या घरात, ओळखीच्या गल्लीत राहू पाहणाऱ्याच्या दारी सहायक पाठवणारी योजना मला अजून कुठल्याही खिडकीवर मिळालेली नाही.

नाशिकला हा विषय नवा नाही. रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये इथे बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर ही शाळा सुरू केली. त्या पिढीतली मुलं आता पन्नाशीपलीकडे गेली. त्यांचे आई-वडील थकले किंवा गेले. शाळेपर्यंतचा रस्ता त्या माउलीने बांधला, पुढचा कुणी बांधायचा?

मला काय हवंय ते स्पष्ट सांगते. सहायकांचं प्रशिक्षण सुरू करा आणि त्यांचं मानधन तासांवर शासनाकडून द्या. सुहासला दिवसाला तीन तास पुरतात, कुणाला दहा लागतील, कुणाला चोवीस. ज्याला जास्त मदत लागते त्याचा हक्क कमी होत नाही. घरांच्या योजनांमध्ये 5 टक्के आरक्षण कलम 37 प्रमाणे आहेच. त्यातली तळमजल्यावरची काही घरं दोघा-तिघा मित्रांना मिळून राहायला द्या, आणि ती वस्तीत असू द्या, गावाबाहेर माळावर नकोत.

अजून एक, पालकत्वाचं. एका बँकेने सुहासचं खातं उघडायला माझ्या पालकत्वाचा दाखला मागितला. तो पैसे मोजू शकतो, सही करतो, तरी. वास्तविक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीने मुळात पालक लागतो का आणि कोणत्या कामासाठी, हे तपासायचं असतं. 2016 चा कायदा तर मर्यादित पालकत्व सांगतो, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. हे बँकांना लेखी कळवा. काउंटरवर सुहास शेजारी उभा असताना “यांना कळतं का?” असं मला विचारलं गेलं. त्याला ते कळलं. घरी येऊन तो जेवला नाही.

मी 57 वर्षांची आहे. येत्या जानेवारीत माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे, दीड-दोन महिने मला सिडकोत जाता येणार नाही. त्या काळात मंगलताईंना ताप आला तर सकाळी सुहासकडे कोण जाईल, हे विचारायला मी नाशिकमधल्या कोणत्या कार्यालयात जाऊ, तेवढं मला कळवावं.

आपली,
सुहासची ताई
नाशिक रोड