सिलिंडरचा नंबर लहान असला, तरी कॉन्टॅक्ट लेन्समध्ये तो वगळू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेत्रतपासणी शिबिरांच्या आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वरचेवर प्रसिद्ध होतात. ज्यांच्या डोळ्यांत सौम्य दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) आहे, म्हणजे ज्यांच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंडरचा लहान नंबर असतो, आणि ज्यांना चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स हवी आहे, अशा मुलामुलींचा प्रश्न मात्र त्यांत कुठे येत नाही. मी मालवण तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझाही नंबर याच प्रकारचा आहे आणि माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून याच तक्रारी मी दरवर्षी ऐकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे शहरी हौस, असा एक समज आपल्याकडे आहे. पावसाळ्यात दुचाकीवरून जाताना चष्म्याच्या काचांवर आतून वाफ आणि बाहेरून पाणी साचते, एरवी किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने त्यांवर चिकट थर बसतो आणि वैशाखात घामाने चष्मा नाकावर ठरत नाही. होडीवर, आंब्याच्या झाडावर किंवा मैदानावर काम असणाऱ्याला चष्मा किती अडचणीचा होतो, हे येथे कुणाला सांगण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे लेन्सची मागणी रास्त आहे, आणि ती मागणाऱ्याला स्पष्ट दिसेल व दिवसभर सहन होईल अशी लेन्स मिळायला हवी.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा गोल नसून एका दिशेत अधिक वक्र असला, की प्रकाशकिरण एका बिंदूत एकत्र येत नाहीत. अक्षराला फिकट सावली दिसते, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात आणि सतत डोळे बारीक करून पाहिल्याने संध्याकाळी कपाळ दुखू लागते. चष्म्याच्या कागदावर मुख्य नंबरानंतर सिलिंडरचा नंबर आणि त्यापुढे १८० पर्यंतचा अक्षाचा, म्हणजे दोषाच्या दिशेचा, आकडा लिहिलेला असतो, तो याच दोषाचा, म्हणजे दृष्टिवैषम्याचा. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील हा दोष मोजून मांडला. पुढे जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच घडवून घेतली, त्याला आता सुमारे २०० वर्षे झाली. आज कोणताही चष्मेवाला चष्म्यातून सिलिंडर परस्पर वगळत नाही. तोच ग्राहक लेन्स मागू लागला, की ‘सिलिंडर अगदी थोडा आहे, साध्या लेन्सवर भागेल’ असे त्याला सांगितले जाते, आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे.

साध्या लेन्समध्ये सिलिंडर बसत नाही, म्हणून त्याचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवतात. उदाहरणार्थ, मुख्य नंबर उणे २.०० आणि सिलिंडर उणे १.०० असेल, तर उणे २.५० ची लेन्स देतात. या तडजोडीने धूसरपणा दोन्ही दिशांत सारखा विभागला जातो, परंतु पूर्ण स्पष्ट कोणतीच दिशा दिसत नाही. सिलिंडर ०.५० एवढाच असेल, तर बहुतेकांना हे चालते. मुख्य नंबर मोठा असून सिलिंडर त्याच्या पाव भागाहूनही कमी असेल, तरी पुष्कळांचे निभते. मुख्य नंबर लहान आणि सिलिंडर ०.७५ किंवा १.०० असेल, तर मात्र वर्गात फळ्याकडे आणि मग वहीकडे पाहणाऱ्या, किंवा रात्री आंबोली घाटातून गाडी चालवणाऱ्या माणसाला तो फरक जाणवल्यावाचून राहत नाही. मला पहिल्या लेन्स एका मोठ्या शहरातील दुकानात अशाच तडजोडीने मिळाल्या. दृष्टी अंधुक असल्याची तक्रार केली, तेव्हा ‘सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले. सवय झाली नाही, कारण दोष लेन्समध्ये दुरुस्तच झालेला नव्हता.

सिलिंडरसाठी टोरिक नावाच्या मऊ लेन्स असतात. त्या सामान्यतः ०.७५ पासून सुरू होतात आणि पुढे १.२५, १.७५ अशा टप्प्यांनी मिळतात; अक्षही बहुधा १० अंशांच्या टप्प्यांनी असतो. साधी लेन्स डोळ्यात कशीही फिरली तरी बिघडत नाही, टोरिक लेन्सला मात्र आपल्या जागी स्थिर राहावे लागते. त्यासाठी तिचा खालचा भाग जाड ठेवतात, किंवा वरची व खालची कड पातळ ठेवून पापण्यांच्या दाबाने तिला सावरतात. अक्ष १० अंशांनी चुकला, तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश एवढा दोष शिल्लक राहतो, आणि ३० अंशांनी चुकला, तर दुरुस्ती झाली काय आणि न झाली काय, सारखेच. प्रत्येकाच्या पापण्यांचा ताण आणि डोळ्याचा आकार वेगळा असल्यामुळे मैत्रिणीला उत्तम बसलेली लेन्स आपल्या डोळ्यात फिरू शकते.

म्हणूनच केवळ चष्म्याच्या कागदावरून टोरिक लेन्स मागवणे योग्य नाही. चाचणीची लेन्स डोळ्यात घालून १०-१५ मिनिटे ती स्थिरावू द्यावी, मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्राखाली, तिच्यावरची बारीक खूण कुठे येते ते पाहावे. खूण दर वेळी एकाच बाजूला सारखीच कलत असेल, तर तेवढा हिशेब धरून अक्ष बदलता येतो. ती प्रत्येक उघडझापीबरोबर हलत असेल, तर वेगळ्या घडणीची लेन्सच हवी. जाड कड खालच्या पापणीला टोचते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात, आणि त्यावरही दुसऱ्या घडणीची लेन्स घालून पाहणे हाच उपाय आहे. फार घट्ट लेन्स पहिल्या तासात सुखद वाटते आणि संध्याकाळी डोळा लाल करते, म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांवर निर्णय घेऊ नये, आठवड्याने पुन्हा तपासणी व्हावी. कडक, वायू आरपार जाऊ देणारी लेन्स कॉर्नियाचा सिलिंडर तिच्याखाली साचलेल्या अश्रूंमुळे आपोआप झाकते आणि दृष्टी फार स्वच्छ देते. तिची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, आणि तिच्याखाली धूळ गेली की डोळा अक्षरशः उघडवत नाही. जांभ्याच्या लाल धुळीतून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

आपल्या भागासाठी एक सूचना जरा कळकळीने करते. लेन्स किंवा तिची डबी विहिरीच्या अथवा नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, पाणी कितीही नितळ असले तरी. अशा पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याच्या संसर्गाने कॉर्नियाला कायमची इजा होऊ शकते. तारकर्लीला पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरणाऱ्या तरुणांनीही लेन्स घालून पाण्यात जाऊ नये. नंबरच्या काचा बसवलेले पोहण्याचे गॉगल आणि डायव्हिंगचे मास्क मिळतात. डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईनासा झाला, तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, कारण बुरशीचा संसर्ग असल्यास ते तो अधिकच वाढवतात. दमट हवेत डबी नीट वाळत नाही, म्हणून परवडत असेल त्याने रोज बदलायच्या टोरिक लेन्स निवडाव्यात, आणि वापरलेल्या लेन्स बेसिनमध्ये न सोडता कचऱ्यात टाकाव्यात. अखेर त्या प्लॅस्टिकच्याच असतात आणि आपली गटारे समुद्राला मिळतात.

अशी चाचणी घेऊन लेन्स देणे येथे का घडत नाही, याचे कारण सरळ आहे. तालुक्याच्या ठिकाणी चाचणीच्या टोरिक लेन्स ठेवणारे चष्मेवाले मला क्वचितच भेटले. त्यामुळे मुले कोल्हापूर, पणजी किंवा मुंबईला जाऊन एकदाच लेन्स घेऊन येतात, आणि त्या फिरू लागल्या किंवा टोचू लागल्या, तर दुसऱ्या खेपेचा खर्च व वेळ परवडत नाही म्हणून त्या कपाटात पडून राहतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या नेत्रविभागांनी आठवड्यातून एक वार कॉन्टॅक्ट लेन्ससाठी राखून चाचणीच्या टोरिक लेन्सचा एक संच ठेवला, तर तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांची मोठी सोय होईल. खासगी नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट आणि चष्मेवाले यांना माझी विनंती आहे, की त्यांनी लेन्सचा कागद चष्म्याच्या कागदाहून वेगळा द्यावा. त्यावर मुख्य नंबर, सिलिंडर, अक्ष, लेन्सची वक्रता, व्यास आणि तिचे नाव स्पष्ट लिहावे. सिलिंडर वगळला असल्यास तेही कारणासह नोंदवावे, म्हणजे ग्राहकाला पुढच्या तपासणीत नेमका प्रश्न विचारता येईल.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग