जहाजावरच्या त्या भावाला, आमच्या आजीकडून आणि आम्हा सगळ्यांकडून

भावा, तुझं नाव मला माहीत आहे, तुझ्या शर्टावरच्या पट्टीवर रोज वाचत होतो, खरं इथं लिहीत नाही. जहाजाचंही नाव घालत नाही. त्या सकाळी तू जी खोली उघडून दिलीस ती पुढच्या पॅसेंजरसाठी साफ करून ठेवलेली होती, आणि त्यावरून कुणी साहेबानं तुला चार शब्द सुनवावेत असं मला नको आहे. वाचशील तेव्हा तुझं तुला कळेल, बास.

हे असं सगळ्यांसमोर लिहायचं की नको यावर घरात बरंच झालं. आई नको म्हणत होती. शेवटी आजीलाच विचारलं तर ती म्हणाली, "लिही की, म्हातारपण काय मला एकटीलाच आलंय?" म्हणून लिहायलोय.

बाबा रिटायर झाले आणि त्यांच्या मनात होतं की एकदा सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं, आम्ही बेळगावचे, काका-काकू निपाणीचे, आत्या पुण्याची, माझ्या पुतणीला धरलं तर चार पिढ्या. मुंबईत चढायचं, लक्षद्वीप बघायचं आणि परत मुंबईत उतरायचं. आजीनं समुद्र बघितलेला, वेंगुर्ल्याला, गोव्याला, खरं काठावरूनच. लक्षद्वीपला जहाज लांब पाण्यातच उभं राहतं आणि बेटावर छोट्या होडीतून जावं लागतं, तिचे गुडघे बघून आम्ही तिला वरच ठेवलं, बाबा थांबले तिच्याजवळ. आम्हाला वाटलं कंटाळली असेल. परत आलो तर ती तुझ्याशी कन्नडमधून बोलत बसलेली. तिचं माहेर बैलहोंगलकडचं, तू धारवाडच्या बाजूचा, मग काय, जोंधळा, पाऊस, सौंदत्तीची जत्रा, सगळं निघालं असणार. तेव्हापासून ती रोज सकाळी तू खोली आवरायला आलास की आधी तुला जेवलास काय विचारायची. आमच्या भागात भाषेवरून काय काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघत आलोय, तुम्हा दोघांना त्याचं काही पडलेलं नव्हतं.

आता शेवटचा दिवस. ज्यांनी असा प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आदल्या रात्रीच बॅगांना टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या मग थेट खाली बंदरावर मिळतात. म्हणजे सकाळी आजीजवळ फक्त गोळ्यांची पिशवी आणि अंगावरचं इरकल लुगडं. खोल्या लवकर खाली करून सगळे लॉबीत. आमचा नंबर येईना. बुकिंग करताना आमच्या एजंटानं व्हीलचेअर लिहून घेतलेली, "सगळं होतंय, तुम्ही काय काळजी करू नका" असं दहादा म्हणालेला, आणि त्या सकाळी तो फोनवर काय म्हणाला तर "लाईन सोडू नका, नाहीतर मागं पडाल". काउंटरवरच्या माणसाला वहिनी दोनदा जाऊन सांगून आली की आजीला बाथरूमला न्यायचंय, जवळचं बंद आहे, लांबपर्यंत तिला चालवत नाही, खुर्ची द्या. त्यानं मान वर केली नाही. "बसा, बोलावतो." कधी बोलावणार होता?

आणि मग जे व्हायचं ते झालं. आजी सोफ्यावर बसलेली, तिनं आईचा हात घट्ट धरला आणि खाली बघितलं. आम्हाला कळलं. शेजारचे दोघं उठून लांब जाऊन उभे राहिले. माझी आजी, जिनं आजोबा गेल्यावर शेती बघून तीन मुलं शिकवली, जिच्यापुढं आमच्या गल्लीत अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही, ती मान खाली घालून बसलेली, हे मला अजून डोळ्यापुढून जात नाही.

तू कुठून बघितलंस देव जाणे. ब्लँकेट घेऊन आलास, तिच्यापुढं खाली बसलास, तिच्या तोंडाकडंच बघत होतास, दुसरीकडं नजर गेली नाही तुझी. ब्लँकेट कमरेपासून पायापर्यंत नीट घातलंस, कडा आत खोवल्यास, आणि सगळ्या लाईनीला ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत म्हणालास, "आजी को एसी की ठंड लग रही है, थोडा रास्ता दीजिए." आणि आजीनं मान वर केली! तिला लगेच उमगलं तू काय केलास ते. ती पण तुला मोठ्यानं कन्नडमध्ये म्हणाली, होय रे बाळा, लई गारठा आहे इथं. तिचा आवाज तिचा होता, नेहमीचा.

भावा, मला हेच तुला सांगायचं आहे. व्हीलचेअर तू आणलीस, खोली उघडलीस, तुझ्याबरोबरची ती मुलगी आली, तिनं वहिनीला लुगड्याचा भिजलेला भाग धुवायला मदत केली आणि हेअर ड्रायरनं वाळवत बसली, नऊवारी आहे म्हणून कंटाळली नाही, तिचेही लाख आभार, तिला सांग. खरं ते सगळं नसतं झालं तरी चाललं असतं आम्हाला. ते एक वाक्य नसतं तर चाललं नसतं. दोनशे लोकांपुढं तू माझ्या आजीला फक्त थंडी वाजणारी म्हातारी केलंस. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं मला वाटत नाही, तुझ्या घरी म्हातारं माणूस असणार आणि तू त्याचं केलं असणार.

त्या एजंटानं घरी आल्यावर फोन केला, ट्रिप कशी झाली, चांगला रिव्ह्यू टाका म्हणून. बाबा कधी कुणाला वाकडं बोलत नाहीत, त्यांनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अहो एवढं चालायचंच." नाही चालत! पैसे घेऊन लिहून घेतलेली खुर्ची न देणं चालत नाही, आणि म्हातारं माणूस सांगतंय तर मान वर करून त्याच्याकडं बघायला काही पैसे पडत नाहीत. जगात चांगुलपणा आहे, भरपूर आहे, फक्त तो बऱ्याचदा काउंटरच्या मागं नसतो, ब्लँकेटं उचलणाऱ्या, बाथरूम पुसणाऱ्या माणसांजवळ असतो, आणि त्यांचा फोटो कुठल्या ब्रोशरवर नसतो.

उतरताना बाबा तुला पैसे द्यायला लागले तर तू हात मागं घेतलास, आजीनं पिशवीतलं गोकाकचं करदंट, ती सुकामेव्याची मिठाई, दिलं ते तेवढं घेतलंस. आजीला त्याचं फार बरं वाटलंय, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते.

सुट्टीत गावाकडं येशील तेव्हा तुझी गाडी बेळगाववरूनच जाते. उतर. आजीनं तुझ्यासाठी मांडे करायचे ठरवलेत, म्हणजे ती खुर्चीवर बसून सांगणार आणि आई-काकू करणार, म्हणून आधी दोन दिवस कळव. आणि येताना तुझ्या आईला पण घेऊन ये, आजीला तिला भेटायचंय.