वरच्या मजल्यावर कोण राहतंय, हे घरमालकालाच माहीत नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावणात आपल्या खानदेशातली कानबाई देवी बसवायची म्हणून मी आणि आमचे हे, पुण्याला मुलाकडे गेलेलो ते चार महिन्यांनी जळगावला परत आलो. गेट उघडलं तर जिन्याखाली चपला-बुटांचा ढीग. मोजले तर नऊ जोड. वरचा मजला आम्ही दिलेला एका नवरा-बायकोला आणि त्यांच्या लहान पोराला, मग एवढे जोड कोणाचे? पाहुणे असतील म्हटलं आणि वर गेले. दोन्ही खोल्यांत ओळीनं गाद्या टाकलेल्या, खिडकीला दोरी बांधून टॉवेल वाळत घातलेले, मागच्याच वर्षी बसवलेल्या ओट्याच्या ग्रॅनाईटवर इंडक्शनच्या दोन शेगड्या, आणि आत सात पोरं. चोपडा, शिरपूरकडची, कोणी पोलीस भरतीची तयारी करणारं तर कोणी कॉलेजचं. मी म्हटलं तुम्ही कोण रे बाबा, तर त्यातला एक उठून उभा राहिला आणि मलाच म्हणाला, तुम्ही कोण?

आमचा भाडेकरू म्हणजे नात्यातल्या एकाच्या ओळखीचा. घरातलाच माणूस म्हणून करार नोंदवायच्या भानगडीत पडलो नाही, बाँडवर लिहून नोटरी करून घेतली, झालं. महिन्याला ७ हजार भाडं, २० हजार डिपॉझिट. दर एक तारखेला पैसे न चुकता खात्यात यायचे त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. आम्ही पुण्याला गेल्यावर महिनाभरात तो बायको-पोराला घेऊन दुसऱ्या कॉलनीत राहायला गेला, आणि आमचं घर प्रत्येकी २ हजारांनी सात पोरांना देऊन टाकलं. म्हणजे १४ हजार घ्यायचा आणि ७ आम्हाला द्यायचा. वर प्रत्येकाकडून ३ हजार डिपॉझिट, त्याची पावती नाही. एक पोरगं रडकुंडीला येऊन सांगत होतं, "मावशी, त्या भाऊनी सांगं, घर मन्हंच शे." म्हणजे घर माझंच आहे.

खरं सांगते, त्या रात्री माझा संताप एवढा झालेला की मी ह्यांना म्हटलं वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाईट तोडा, सकाळी सामान रस्त्यावर टाकू. बरं झालं तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो तर त्यांनी पहिलंच सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडता येत नाहीत, तोडल्या तर तुम्हीच अडकाल. आणि दुसरं, त्या पोरांकडून एक रुपयाही भाडं घेऊ नका, घेतलंत तर उद्या भाडेकरू कोर्टात म्हणेल मालकाची संमती होती.

त्याच कायद्यात कलम २६ आहे, करारात तशी मुभा दिलेली नसेल तर भाडेकरूला घर पोटभाड्याने देता येत नाही. आणि कलम १६ प्रमाणे बेकायदा पोटभाडेकरू ठेवला तर मालक ताबा मागू शकतो. मला वाटलं मग झालं आपलं काम. पण वकिलांनी नोटरीचा कागद हातात घेतला आणि विचारलं, हा रजिस्टर का नाही केला? कलम ५५ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नसेल नोंदवला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. वर मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ३१ वर्षं शाळेत शिकवलं मी, दुसऱ्यांना कागद वाचून सह्या करा म्हणून सांगितलं, आणि स्वतःच्या घराचा करार मी तसा केला याचं फार वाईट वाटतं.

आणि खर्च तरी किती होता? ११ महिन्यांचं भाडं ७७ हजार, त्यावर आणि डिपॉझिटच्या व्याजावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे दोनशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी हजार, एजंटचे काय ते वेगळे. आता तर आधारवर अंगठा देऊन घरबसल्या होतं.

वकिलांची नोटीस गेली तेव्हा भाडेकरूनं उत्तर दिलं की ते सगळे माझे भाचे आहेत. सातही! पाहुणा किंवा नातेवाईक राहिला म्हणजे पोटभाडेकरू होत नाही हे त्यालाही कोणीतरी शिकवलेलं होतं. पण पोरांनी त्याला मोबाईलवरून दर महिन्याला २-२ हजार पाठवलेले, त्याचे स्क्रीनशॉट त्यांनीच आम्हाला दिले, शेजारच्यांनीही सांगितलं की तो तिथं राहत नाही. मग तो नरमला. दीड महिन्यात ताबा सोडल्याचं लिहून घेतलं, चाव्या घेतल्या. आम्ही एकच अट घातली, पोरांचं डिपॉझिट आधी परत कर, मगच तुझे २० हजार मिळतील. लोक म्हणाले तुम्हाला काय करायचंय त्या पोरांचं. पण फसले तर तेही ना, त्यांचे आईबाप कापूस विकून पैसे पाठवतात.

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळला खोल्यांची शोधाशोध सुरू होते म्हणून मुद्दाम लिहितेय. मालकांनो, "आपलाच माणूस" म्हणून सोडू नका, करार नोंदवा, पोटभाडेकरू ठेवणार नाही हे त्यात स्पष्ट लिहून घ्या, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या आणि आधी सांगून का होईना, चार-सहा महिन्यांनी घर बघून या, तो तुमचा हक्क आहे. आणि पोरांनो, खोली बघताना घरपट्टीची पावती किंवा मालकाशी झालेला करार मागा, माणूस चिडला तरी मागा. आपल्या पेपरनं दुय्यम निबंधक कार्यालयाच्या मदतीनं या दिवसांत एखादा रविवार नोंदणीच्या माहितीसाठी ठेवला तर फार बरं होईल.

सातपैकी तिघं आता वरच राहतात, त्यांच्या स्वतःच्या नावानं नोंदवलेल्या करारावर. चौघांनी दुसरीकडे खोल्या घेतल्या. सहा जणांचे ३ हजार मिळाले, पोलीस भरतीवाल्या एकाचे अजून बाकी आहेत, म्हणून आम्ही तेवढे ३ हजार त्या माणसाच्या डिपॉझिटमधून अडवून ठेवलेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जळगाव