चांदणीचा पाय आणि पावसाळ्याचे चार महिने

माथेरान
३ जून

चि. प्रमोद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू रविवारी वर पोचशील तोवर आम्ही तुफान, सोनू आणि लक्ष्मीला घेऊन नेरळला उतरलेलो असू. पाऊस धरला की इथे गिऱ्हाईक राहत नाही आणि पाच घोड्यांची वैरण वर आणणं परवडत नाही. चांदणीला मात्र खाली नेत नाही. घाट उतरताना घोड्याचा भार पुढच्या पायांवर येतो, आणि तिचा नेमका पुढचा डावा पाय दुखावलाय. टेम्पोत चढवलं तरी वळणावळणाला तोल सावरायला ती त्याच पायावर जोर देणार. म्हणून ती आणि सोबतीला म्हातारा मोती वरच राहतील. मोतीला तिच्या नजरेआड बांधू नकोस. एकटं पडलेलं जनावर ठाणात फेऱ्या मारत बसतं, आणि तेच आपल्याला नकोय.

फोनवर सांगितलेले आकडे विसरायला होतात, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. हा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून तबेल्यात खिळ्याला अडकव.

आधी पायाचं. नडगीच्या मागून गुडघ्याखालून खुराकडे उतरणारी जी कातडीलगतची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तिचे आतले धागे तुटलेत. अशा जागी अंग आधी जो भराव घालतं तो कच्चा असतो. त्याचे धागे वेडेवाकडे, कुठल्याही दिशेला पसरलेले. हळूहळू, मोजून चालवलं की ते पायाच्या लांबीच्या दिशेने दोरीच्या पेडांसारखे लागतात आणि मगच ताण सोसतात. अजिबात चालवलं नाही तर भराव तसाच वेडावाकडा घट्ट होतो. जास्त चालवलं तर नवे धागे तुटतात. सूज सहा-आठ आठवड्यांत उतरते, लंगडणं त्याआधीच जातं, पण आतली कंडरा भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तू येशील तेव्हा ती तुला ठणठणीत दिसेल, आणि इथून पुढचेच महिने सगळ्यात धोक्याचे आहेत. तिच्या दिसण्यावर जाऊ नकोस. हात काय सांगतो आणि कागदावर किती मिनिटं लिहिलीत, तेवढंच बघ.

रोज सकाळी, पाणी मारायच्या किंवा फिरवायच्या आधी, दोन्ही पुढचे पाय तपास. पट्टी सोडल्यावर अर्धा तास थांब, कारण पट्टीखालचा पाय तसाही कोमट लागतो. मग तळहाताची मागची बाजू आधी उजव्या नडगीवर ठेव, लगेच डाव्या नडगीवर त्याच जागी. फरक असेल तर तेवढ्यात कळतो. त्यानंतर पाय उचलून गुडघ्यात दुमड, कंडरा सैल पडेल, आणि अंगठा व दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली सरकत ये. नडगीच्या मध्यावर बोटभर लांबीचा जाड भाग लागेल. तो आहे तसाच राहायला हवा. तो मऊ, फुगीर लागला, चिमटीत धरताच तिने पाय ओढून घेतला किंवा जागा गरम लागली, तर त्या दिवशी फिरवणं बंद, गार पाणी पंधरा-वीस मिनिटं दिवसातून तीनदा, आणि डॉक्टरांना फोन. दुसऱ्या दिवशी बघू म्हणून थांबायचं नाही.

फिरवण्याचं असं. या आठवड्यात दिवसाला एकूण वीस मिनिटं, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा. पाय थंड राहिला तर दर आठवड्याला एकूण पाच मिनिटं वाढव, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला तासावर येशील. पावसाने एक दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नकोस, जिथे होतास तिथूनच चालू ठेव. तीन-चार दिवस सलग बुडाले तर एक आठवडा मागे जा. फक्त चाल, दुडकी अजिबात नाही. सरळ रेषेत जायचं आणि वळायचं तर मोठा वळसा घ्यायचा. जागच्या जागी गोल फिरवलं की आतल्या पायावर पीळ बसतो. जमीन घट्ट आणि सपाट हवी. खोल चिखलात खूर रुततो आणि तो वर ओढताना कंडरेवर ताण येतो, तर पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं की नाल घसरतो आणि एका घसरण्यात सगळी मेहनत जाते. तबेल्यामागचा लाल मातीचा सपाट पट्टा त्यातल्या त्यात बरा. फिरवायच्या आधी तिथले सुटे दगड उचल.

ठाणबंद घोडी बाहेर पडली की उधळायला बघते, हे विसरू नकोस. नुसत्या मोहरकीवर (तोंडाच्या दोरावर) नेऊ नकोस, लगाम घाल आणि लांब दोर हातात ठेव. दोर हाताला गुंडाळायचा नाही. तिच्या खांद्याच्या रेषेत चाल, पुढे नको. माकडं पत्र्यावर उड्या मारत असतील तर ती शांत होईपर्यंत थांब. आधी मोतीला थोडं पुढे बांधून ठेवलंस तर ती त्याच्याकडे बघत नीट चालते.

फिरवून आणल्यावर गार पाणी दहा-पंधरा मिनिटं, गुडघ्यापासून खाली. मग पाय पूर्ण कोरडा कर, खुरामागची खोबण विशेषकरून. तिथे ओल राहिली की कातडीला चिरा पडतात, खपल्या धरतात आणि पाय सुजतो. मग सूज कातडीची की कंडरेची, हे डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही.

रात्री पट्टी, दोन्ही पुढच्या पायांना, कारण चांगला पाय जास्तीचा भार उचलतोय. आधी कापसाचा थर, गुडघ्याखालून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत, सगळीकडे सारखा, बोटभर जाड. त्यावर सहा इंची क्रेप बँडेज, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर. वेढा पुढून बाहेरच्या बाजूने मागे न्यायचा आणि खेचायचं ते पुढे, हाडावर आल्यावर. मागे कंडरेवर नाही. वरच्या कडेत एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. कापसात गाठ किंवा सुरकुती राहिली, किंवा एकच वेढा जास्त आवळला गेला, तर त्याच जागी कंडरा दबते आणि नवं दुखणं उभं राहतं. सैल पट्टी घसरून सांध्यावर गोळा होते, ती त्याहून वाईट. बारा तासांच्या वर एक पट्टी ठेवू नकोस, आणि ओली पट्टी कधीच नको. दोन जोड आहेत. एक चुलीच्या वर वाळत असू दे.

चांगल्या पायाकडे दुर्लक्ष करू नकोस. एका पायावर जास्त दिवस भार राहिला की त्या खुराच्या आतला जिवंत थर सुजतो आणि त्यात घोडी कायमची जाऊ शकते. उजवा खूर गरम लागला, सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी ठोके मारताना जाणवली, किंवा ती सारखा पाय बदलायला लागली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन कर.

तबेला कोरडा ठेवणं हे पावसाळ्यातलं निम्मं काम. पेंढ्याचा थर वीतभर, ओला भाग रोज सकाळी पूर्ण काढायचा. वरून कोरडं दिसतं म्हणून फसू नकोस. गुडघ्यावर बसून वास घे. नाकात झोंबलं तर खाली मुताची ओल साचलीय. खूर दोनदा साफ कर, टाचेकडून पुढे. खुराच्या तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या कडेच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर तो सडायला लागलाय. साबणाने धुऊन, सुकवून, पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्या खाचेत बसव आणि रोज बदल. मोरचूद भरू नकोस, जिवंत भाग भाजतो. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी आलाच पाहिजे, घोडी कामाला नसली तरी. त्याला सांग, पुढचं टोक वाढू द्यायचं नाही आणि टाच खाली घालवायची नाही. बाजूने पाहिलं की खुराचा उतार आणि त्याच्या वरच्या हाडाचा उतार एका रेषेत दिसायला हवा. टोक लांब राहिलं की प्रत्येक पावलाला कंडरा जास्त ताणली जाते.

आता चंदी (म्हणजे दाणा) आणि वैरण. कामाला असताना ती तीन किलो चंदी खायची. आता अर्धा किलो पुरे, तीही मीठ आणि मिनरल मिक्श्चर पोटात जावं म्हणून. मीठ ३० ग्रॅम, मिक्श्चर ५० ग्रॅम. हरभरा रात्रभर भिजलेलाच घाल. गव्हाच्या कोंड्यावर भर देऊ नकोस. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी, त्यामुळे पोट भरलेलं दिसतं आणि हाडं पोकळ होतात. वाळलेली वैरण दिवसाला सहा किलो, चार वेळा विभागून. घोड्याचं पोट लहान, ते दिवसभर थोडंथोडं चालू लागतं. रिकामी राहिली की लाकूड कुरतडते. वजन बघायचं तर टेप लाव: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,९००. घेर १५५ आणि लांबी १६० आली तर साधारण ३२३ किलो. दर पंधरा दिवसांनी लिहून ठेव. वजन वाढलं की तेही पायावरच येतं.

वैरण भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर रच. बुरशीचा वास आला तर पूर्ण पेंढी फेक, वरचं काढून खालचं घालू नकोस. बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो. मोतीला परवडेल म्हणून त्यालाही घालायचा नाही.

ठाणबंद घोड्याचं पोट सुस्तावतं. दिवसाला आठ-दहा वेळा लीद पडायला हवी आणि पंचवीस-तीस लिटर पाणी पोटात जायला हवं. पावसात गारव्याने पाणी कमी पिते, म्हणून बादलीत मोजून ठेव, नुसतं हौदाकडे सोडू नकोस. पाय आपटणं, कुशीकडे वळून बघणं, सारखं बसणं-उठणं, घाम, लीद बंद, यातलं काही दिसलं तर पोटशूळ समज. चंदी-वैरण काढून घे आणि डॉक्टरांना बोलाव. शेजारचे कोणीतरी बांबूच्या नळीने तेल पाजायला सांगतील. पाजू द्यायचं नाही. तेल फुप्फुसात गेलं तर घोडा दगावू शकतो, आणि उलटी त्याला होतच नाही की गिळलेलं बाहेर पडेल.

तसंच कोणी डाग द्यायला सांगेल. चांदणीच्या पायाला तापलेली सळई लागता कामा नये. डागल्याने कातडी भाजते, कंडरा भरत नाही. बाबांनाही हे मी ठामपणे सांगितलंय. दुखणं कमी करायची पावडर कपाटात आहे, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच. दुखायचं थांबलं की ती पाय टेकवून नाचायला लागेल, आणि जास्त दिवस दिली तर पोटात जखमा होतात.

अंगाचा ताप रोज संध्याकाळी मोज. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. गणपतीनंतर पाऊस ओसरला की घोडमाश्या वाढतात आणि त्यांच्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप चढतो-उतरतो, घोडा खाऊनही वाळतो, पोटाखाली सूज येते. असं वाटलं तर रक्त तपासायला दे, अंदाजाने इंजेक्शन नको.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन वर येतील. आदल्या दिवशी नडगीमागचे केस बारीक कापून पाय धुऊन ठेव, नाहीतर चित्र धूसर येतं. पडद्यावर कंडरेत एप्रिलमध्ये काळा खड्डा होता. आता तिथे पांढरट भराव आणि त्यात लांब समांतर रेषा दिसायला हव्यात. भराव दिसला पण रेषा नाहीत, तर दुडकी लांबणीवर. रेषा असतील तर दुडकी किती मिनिटांपासून, हे डॉक्टर सांगतील तेच. त्यांच्याकडून कागदावर लिहून घे.

दिवाळीचं आत्ताच सांगते. तेव्हा सहा महिने झालेले असतील, चांदणी चकचकीत दिसेल आणि दस्तुरीला, गाड्या थांबतात त्या नाक्यावर, गिऱ्हाईक उभं असेल. ई-रिक्षा आल्यापासून आपल्या धंद्याचं काय झालंय ते तुला दिसतंच, आणि एक घोडा कमी म्हणजे किती नुकसान, तेही मला कळतं. कोणी म्हणेल, हलकं पोर बसवून एक फेरी मार. नाही म्हणायचं. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचा चढ-उतार पाठीवर माणूस घेऊन करायला तिला पुढच्या उन्हाळ्याआधी लावायचं नाही, आणि तेही शेवटची सोनोग्राफी बघून. काम करण्याजोगं नसलेलं जनावर कामाला जुंपणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हाही आहे. पण मला कायद्याची भीती नाही वाटत. तीच कंडरा दुसऱ्यांदा तुटली तर ती परत कधी नीट चालणार नाही, आणि या घरात जन्मलेली घोडी दलालाला विकायची वेळ येईल. ते मला बघवणार नाही.

तुझी जेवणाची आबाळ करून घेऊ नकोस. तांदूळ, डाळ, सुकट भरून ठेवलंय.

तुझी,
आई

ता. क. धनुर्वाताची लस तिला एप्रिलमध्ये दिलीय, कार्ड कपाटाच्या दारात आहे. मोतीची राहिलीय. डॉक्टर पहिल्यांदा येतील तेव्हा आठवणीने देऊन घे.