डायलिसिसच्या फाइलमध्ये जीवनसत्त्वांचाही कागद हवा

महोदय,

घरात कुणी डायलिसिसवर आहे असे कळले की प्रत्येक जण ताकदीचे काहीतरी सुचवतो. माझ्या यजमानांसाठी धाकट्या जाऊबाईंनी मोरावळा आणला, शेजारच्या काकांनी मल्टिव्हिटॅमिनची बाटली. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी नाक्यावरच्या केमिस्टकडे नव्हती, तेव्हा 'यात उलट जास्त व्हिटॅमिन्स आहेत, वहिनी' म्हणत त्याने दुसरीच पट्टी पुढे केली. मागची मुंगीएवढी अक्षरे वाचली तर त्यात 'अ' जीवनसत्त्व होते. किडनी निकामी झालेल्यांच्या रक्तात ते आधीच साठत जाते आणि डायलिसिसनेही निघत नाही.

'क' आणि 'ब' गटाचे उलट. ते डायलिसिसमध्ये वाहून जातात. त्यात पोटॅशियम कमी व्हावे म्हणून आम्ही भाज्या चिरून, उकळून पाणी ओतून देतो, तेव्हा 'ब' गटातले फोलिक अ‍ॅसिडही मोरीत जाते. म्हणून गोळी लागतेच, पण बेताची. 'क' दिवसाला साधारण 60 ते 100 मिलिग्रॅम पुरते. दुकानात सहज मिळणारी चघळायची गोळी 500 ची असते. जादा 'क'पासून ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्यातले क्षारद्रव्य, तयार होते आणि लघवीवाटे जायचे ते शरीरातच साचते. शिवाय गोळी डायलिसिसला निघताना नव्हे, परत आल्यावर घ्यायची. हे आम्हाला कळले ते बाजूच्या खाटेवरच्या आजोबांकडून!

'ड'चे तर सगळ्यांनाच वाटते की सकाळी गच्चीत बसले की झाले. पण उन्हातून किंवा 60,000 युनिटच्या पुडीतून मिळालेले 'ड' कामाचे होते ते शेवटी किडनीत. ती थकली की डॉक्टर कॅल्सिट्रायॉल, म्हणजे 'ड'चे कामाचे रूपच, देतात, तेही कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारे हार्मोन) तपासून. मनाने घेतले तर कॅल्शियम वाढून रक्तवाहिन्यांत बसते.

आम्ही जातो त्या केंद्रात पाणी किती प्यावे, मीठ किती खावे याचा तक्ता भिंतीवर आहे. जीवनसत्त्वांबद्दल अवाक्षर नाही. पालिकेच्या, ट्रस्टच्या, खासगी अशा मुंबईतल्या सर्व केंद्रांनी प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये मराठीत एक कागद लावावा: कोणते जीवनसत्त्व, किती, केव्हा आणि कोणते अजिबात नको. डोस प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे तो डॉक्टरांनीच भरावा. आणि खाली केंद्राचा फोन नंबर ठळक छापावा, म्हणजे पट्टी बदलण्याआधी केमिस्टला विचारता येईल.

— एक वाचक, भांडुप, मुंबई