हाक मारत जा

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डेंग्यू झाला, प्लेटलेट्स 45,000 वर आल्या, सलाईन लागलं. आणि हे आम्हाला कळलं तुझ्या रूम पार्टनरच्या आईकडून. फोन केला तर तुझा आवाज खोल गेलेला, तरी म्हणालास, "अण्णा, जे आपल्या हातात नाही त्याचा ताण कशाला घ्यायचा?" ताप आपल्या हातात नसतो, कबूल. फोन तर हातातच होता ना बाळा?

तू दिवाळीत ठेवून गेलेलं मार्कस ऑरेलियसचं पुस्तक मी या आठवड्यात वाचून काढलं. माणूस आवडला मला. रोमचा बादशहा, राज्यात साथ पसरलेली, सरहद्दीवर लढाया, आणि हा छावणीत बसून स्वतःलाच समजावतोय. सकाळी उठल्यावर म्हणतो, आज कृतघ्न भेटतील, मत्सरी भेटतील, तरी ती माझीच भावकी. पहिला भाग तर सगळा कुणाकडून काय मिळालं याचाच. आजोबा, आई, गुरुजी. सातव्या भागात तो लिहितो, मदत घ्यायची लाज धरू नकोस. लंगडा शिपाई तटावर एकटा चढू शकत नसेल तर दुसऱ्याच्या आधारानं चढेल. तू तिथवर वाचलंस का? त्या पानाखाली तुझी रेघ दिसली नाही.

मेसवाल्या मावशींच्या मुलाला तू रात्री गणित शिकवतोस, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या दिवशी मी आईला ते दोनदा सांगितलं. दुसऱ्याला हात देताना मागंपुढं बघत नाहीस, मग स्वतःच्या वेळी एवढा संकोच कशाचा?

आबा कसे होते ते तुला ठाऊक आहे. पायलीभर ज्वारी कधी उसनी आणली नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, त्या पहाटे आपलं माळवद बसलं. गणपती बोळवून गाव नुकताच निजलेला. दगडमातीच्या रुंद भिंती, वर पांढऱ्या मातीचं ओझं. कितीतरी माणसं आतच राहिली. आबा तुळईखाली छातीपर्यंत गाडलेले. आणि ते हाका मारत होते नानाला. बांधाच्या दाव्यापायी ज्याच्याशी बोलणं तोडलं होतं, त्या नानाला. नानानं हातानं माती उकरली. बोटांची नखं निघाली त्याची, तरी थांबला नाही. हाक ऐकू आली म्हणून आबा कुठं आहेत ते कळलं. ते दात आवळून पडून राहिले असते, तर मी आज कुणाच्या आठवणी सांगत असतो?

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो, तरी झालाच. आजारी माणसाला एवढं लांबण वाचायला लावतोय, माफ कर. पण रात्री झोप लागत नाही. अंगात फणफण असताना एकटा खोलीत पाणी कसं घेत असशील, हेच डोळ्यांपुढं येतं.

आई शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं लातूरहून निघतेय. नको म्हणू नकोस, तिनं पिशवी भरून ठेवलीय. ताप उतरला म्हणून हिंडू नकोस. डेंग्यूत ताप उतरतानाच जास्त जपावं लागतं. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस. रोजचा रिपोर्ट मला पाठव. आकडा खाली गेला असेल तर आधी पाठव.

तुझा,
अण्णा